मदत हवी आहे: डायलिसिस चालू, फॉस्फरस काही केल्या उतरत नाही

गवतीचहा:
बाबांचा फॉस्फरस 7.4 आलाय. दूध, पनीर, दाणे सगळं बंद केलंय, तरी हे! आता इकोमध्ये एओर्टिक व्हॉल्व्हवर (हृदयाच्या झडपेवर) कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियम साचलेलं, लिहून आलंय. आई म्हणते, कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद. करू का? लवकर सांगा, डॉक्टर सोमवारशिवाय भेटत नाहीत.

आडवाटे:
आठवड्यातून किती वेळा डायलिसिस? रक्तातलं कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) किती? आणि गोळ्या कुठल्या, हाडांच्या की फॉस्फरस बांधणाऱ्या?

खारीबिस्कीट:
सेव्हेलॅमर मागून घ्या, तीही फॉस्फरस बांधणारी गोळी. महाग आहे, पण त्यात कॅल्शियम नसतं. आमच्या सासूबाईंना लागू पडलं.

वऱ्हाडी ठेचा:
गोळ्या सोडा. सकाळी शहाळ्याचं पाणी आणि पुनर्नव्याचा काढा. माझ्या मेव्हण्याला महिन्यात फरक.

आडवाटे:
डायलिसिसवाल्याला शहाळं? पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडेल. मेव्हणे डायलिसिसवर होते का?

वऱ्हाडी ठेचा:
नाही, मुतखडा होता. पण किडनी ती किडनीच ना.

पाटावरवंटा:
महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. कार्ड काढलंय का?

गवतीचहा:
कार्ड आहे हो, ते विचारलंच नव्हतं! दोनदा, चार-चार तास. कॅल्शियम 10.8. पीटीएच रिपोर्टात दिसत नाही. गोळी कॅल्शियम ॲसिटेट, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना. शिवाय गुडघ्यांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम-डी3 दिलंय.

आडवाटे:
मग उतरणार कसा? ॲसिटेट जेवणातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून ते घासाबरोबरच घ्यायचं. रिकाम्या पोटी घेतलं की फॉस्फरस तसाच राहतो आणि कॅल्शियम मात्र रक्तात जातं. त्यात गुडघ्यांची गोळी, वर डी3. कॅल्शियम, फॉस्फरस दोन्ही चढलेले राहिले की रक्तवाहिन्यांत आणि व्हॉल्व्हवर साचतात.
स्वतःहून काही बंद करू नका. सोमवारची वाटही बघू नका, युनिटला आत्ता फोन करा आणि गुडघ्यांच्या गोळीसकट सगळी यादी सांगा. चार तासांत साधारण 800 ते 1000 मिग्रॅ फॉस्फरस निघतो, तेवढा एका दिवसाच्या जेवणातून येतो. तिसऱ्या सेशनचं आणि पीटीएचचं विचाराच. कोला, चीज स्लाइस, पाकिटावर 'फॉस्फेट' लिहिलेलं काहीही बंद, ते जवळजवळ सगळं अंगात शोषलं जातं. डाळीतलं त्या मानाने कमी.

खारीबिस्कीट:
डाळीचं खरंय. आम्ही ती पूर्ण तोडली तर अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) घसरलं. पण सेव्हेलॅमरचं बघाच.

आडवाटे:
तेही जेवतानाच घ्यावं लागतं, ताई.

गवतीचहा:
फोन केला. सरांनी गुडघ्यांची गोळी थांबवली, ॲसिटेट तूर्त जेवताना द्यायला सांगितलं. सोमवारी पीटीएच करून मग औषध बदलायचं का ते ठरवणार. शहाळं मात्र बाबा रोज घेत होते, तेही सांगितलं. पोटॅशियम तपासायला आजच बोलावलंय.

पाटावरवंटा:
गुडघ्यांसाठी निर्गुडीचं तेल चोळा, घरी करता येतं. कृती देऊ का?