लग्नाची डीव्हीडी ९१ टक्क्यांवर अडते, इमेज कशी घेऊ?

वैदेही_मिरज
लग्न २००७ चं. शूटिंगवाल्यांनी दोन डीव्हीडी-आर दिल्या होत्या, मूळ कॅसेट आता कुणाकडेच नाही. पहिलीची इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एका फाइलमधली कॉपी) निघाली. दुसरी ४.१ जीबीची. ९१ टक्क्यांवर गेली की ड्राइव्ह घरघरतो, अर्ध्या तासाने एरर येते आणि झालेली कॉपीही जाते. नेमकी तिथेच पाठवणी आहे, आणि आजी फक्त पाठवणीत दिसते. बाकी सगळा वेळ ती आचाऱ्यांवर लक्ष ठेवून होती. नवरा म्हणतो टूथपेस्टने घास. घासू का? लिनक्स आहे, कमांड लिहिता येते.

हळदीच्या फोटोंची एक सीडी-आर पण आहे. फोटो सगळे उघडतात, पण इमेज घेताना अगदी शेवटी एरर.

जुनाटयंत्रे
टूथपेस्ट बाथरूममध्येच राहू दे. मऊ ओलसर फडक्याने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका, गोल चरा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि ड्राइव्हला तो जास्त नडतो. वर कागदी स्टिकर असेल तर सोलू नका.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून शेवट कडेला. बोटंही कडेलाच लागतात. पाठवणी गेलेली तुम्ही काही पहिल्या नाही.

डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून निघेल तेवढं काढणारी कमांड) वापरा, सेक्टर म्हणजे डिस्क वाचायचा सगळ्यात छोटा तुकडा, त्याची साइझ २०४८ बाइट. पहिल्या फेरीत स्क्रेपिंग (खराब जागा एकेक सेक्टर करून खरवडणं) बंद ठेवा, म्हणजे चांगला भाग आधी पदरात पडतो आणि खराब जागेवर ड्राइव्ह झिजत नाही. मॅपफाइल द्यायची म्हणजे द्यायची! कुठलं वाचलं, कुठलं राहिलं ते तिच्यातच असतं. दुसऱ्या फेरीत डायरेक्ट ॲक्सेस (सिस्टीमचा कॅशे टाळून थेट डिस्कवरून वाचणं) आणि ३ रीट्राय. मग तीच इमेज, तीच मॅपफाइल घेऊन दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावा. माझ्या अनुभवात रीट्राय वाढवण्यापेक्षा ड्राइव्ह बदलून जास्त निघतं.

पडीक_पीसी
सीडीची काळजी नको. ट्रॅक-ॲट-वन्सने (एका वेळी एक ट्रॅक लिहायच्या पद्धतीने) बर्न केलेल्या सीडीत ट्रॅकच्या शेवटी २ सेक्टर रन-आउटचे असतात, त्यांत डेटा नसतो आणि ते वाचलेही जात नाहीत. आयसोइन्फो कमांडने व्हॉल्यूम साइझ, म्हणजे डेटाचे एकूण सेक्टर किती, ते बघा. तेवढे सेक्टर आले असतील तर काहीच गेलेलं नाही.

वैदेही_मिरज
सीडीचे खरंच २ च होते. डीव्हीडी रात्रभर चालवली, लॅपटॉपवर ५ एमबी राहिले. नणंदेच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह काढून आणला (तिला अजून सांगितलेलं नाही), आता ३५२ केबी उरलेत. पण मॅपफाइलमधलं प्रत्येक भोक (न वाचलेली जागा) ३२ केबी नाहीतर त्याच्या पटीत. असं का?

जुनाटयंत्रे
डीव्हीडीत एरर करेक्शन १६ सेक्टरच्या गठ्ठ्यावर चालतं. गठ्ठा सुटला नाही की सोळाच्या सोळा गेले, म्हणजे ३२ केबी. तुमचे ११ गठ्ठे गेलेत, तिथे इमेजमध्ये शून्यं आहेत. व्हीएलसीत लावून बघा. पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, चौकोन दिसतील.

वैदेही_मिरज
बघितलं. चौकोन बहुतेक मामांच्या तोंडावर आलेत. आजी अख्खी आहे, डोळे पुसताना पदर तेवढा एकदा फाटतो.