डीप टिश्यू की अभ्यंग?

"जोर जितका जास्त तितका गुण, म्हणून डीप टिश्यूच घ्या" हे मालिशच्या चर्चेतलं वरचं मत मला अर्धंच पटलं. डीप टिश्यू म्हणजे स्नायूंच्या आतल्या थरांपर्यंत जोर देऊन केलेली मालिश. मानेत गाठ धरली असेल तर ठीक, पण गोळ्या कुठल्या चालू आहेत हे इथे कुणीच विचारलेलं नाही. आमचे सासरे हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर. बडोद्याच्या दांडिया बाजारात आखाड्याची मालिश बघत वाढलेले, त्यामुळे हात जडच हवा! मेव्हण्याने हौसेने इथल्याच एका स्पामध्ये नेलं. रात्री सदरा काढला तर पाठभर जांभळे डाग, एका ठिकाणी चक्क अंगठ्याचा ठसा. सासूबाई म्हणाल्या, "मालिश करून आलात की मार खाऊन?" डॉक्टरांनी झापलं ते वेगळंच. आता घरीच कोमट तिळाचं तेल आणि हलका हात.

तेलाचा चिकटपणा नको म्हणणाऱ्या ताईंनी थाई मालिश बघावी. ती सैल कपड्यांवरच, जमिनीवरच्या गादीवर करतात, तेल लागत नाही. पण त्यात अंग बरंच ताणतात, पिळतात; सांधा बदललेला असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.