आधी रीडर बंद करा, मग व्हॅल्यू वाचा
इथे एकानं म्हटलंय की त्याची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या टूलमध्ये, नीट चालते पण सी शार्प प्रोग्रॅममधून चालवली की आउटपुट पॅरामीटर (ज्यातून प्रोसिजर व्हॅल्यू परत देते तो) नल, म्हणजे रिकामा येतो, म्हणजे प्रोसिजरच गंडलीय. मला नाही वाटत. एसक्यूएल सर्व्हर आउटपुट पॅरामीटर आणि रिटर्न व्हॅल्यू सगळ्या रिझल्ट सेटच्या (सिलेक्टमधून येणाऱ्या ओळींच्या) मागून पाठवतो, त्यामुळे त्या ओळी वाचणारा सी शार्पमधला डेटारीडर क्लोज होईपर्यंत ती व्हॅल्यू हाती लागतच नाही. अंधेरीच्या ऑफिसात माझी अख्खी संध्याकाळ ह्यात गेली, मी आपला प्रोसिजरमध्ये प्रिंट टाकत बसलेलो, नेहमीची विरार फास्ट पण सुटली, आणि चूक काय तर व्हॅल्यू रीडरच्या यूझिंग ब्लॉकच्या (जो संपला की रीडर आपोआप बंद होतो) आतच वाचत होतो. ती ओळ ब्लॉकखाली नेली, झालं काम.

बाकी, प्रोसिजरमध्ये दोन सिलेक्ट असतील तर दुसऱ्याच्या ओळींसाठी रीडरची नेक्स्टरिझल्ट मेथड लागते, नुसती रीड मेथड लूपमध्ये फिरवून पहिल्याच्याच ओळी मिळतात.