मदत हवी आहे: जाऊबाईंना पिशवी काढायला सांगितलंय, 'नाहीतर कॅन्सर होईल' म्हणून

रानजाई

नमस्कार. मी इथे एरवी नुसती वाचत असते, पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी एखादा प्रतिसाद. आज घाईत लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई ३८ वर्षांच्या आहेत, गावाकडे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात असतात. सोळाव्या वर्षी लग्न, तीन मुलं. दिवाळी झाली की दोघं नवराबायको ऊसतोडीला जातात. माझे मिस्टर चाकणला कंपनीत लागले म्हणून आम्ही त्यातून सुटलो, दादांच्या हातचा कोयता काही सुटला नाही.

वर्षभर जाऊबाईंना अंगावरून पांढरं जातंय. वास येतो, खाज सुटते, कंबर धरते. कुणाला बोलल्या नाहीत. गेल्या आठवड्यात फारच झालं तेव्हा तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, पिशवीच्या तोंडावर जखम आहे, आज ना उद्या कॅन्सर होणार, तीन मुलं झालीत ना, मग कशाला ठेवता, काढून टाका. ३५ हजार. येत्या गुरुवारची तारीखही दिली. पुतणीने कागदाचा फोटो पाठवलाय, त्यावर 'सर्व्हिक्स इरोजन, बल्की युटेरस' आणि खाली टीएएच (म्हणजे पोटावर चिरा देऊन पिशवी काढणं) असं लिहिलंय.

घरात सगळे तयार आहेत. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले पैसे बाजूला काढून ठेवलेत. आत्याबाई म्हणतात, कारखाना सुरू व्हायच्या आत उरकून घ्या, एकदा पिशवी गेली की पाळीची कटकट नाही आणि खाडाही नाही. त्यांची स्वतःची तिसाव्या वर्षीच काढलेली आहे. आमच्या गल्लीत कोणाची काढलेली नाही ते मोजणं सोपं पडेल.

खरंच एवढ्यावरून कॅन्सर होतो का? ऑपरेशन थांबवायला सांगितलं आणि उद्या काही झालं तर बोल माझ्यावर येणार. काय करू?

कोरा_चहा

बायोप्सी झालीय का? पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) तरी? नसेल तर गुरुवार रद्द करा. बाकी जाणकार सांगतीलच.

रानजाई

नाही हो. टेबलावर झोपवून आतून बघितलं, दोन मिनिटं. बाकी काही नाही.

दुपारची_ओपीडी

रानजाईताई, मी स्त्रीरोगाची डॉक्टर आहे, सरकारी दवाखान्यातली. न तपासता निदान करत नाही, पण कागदावर जे लिहिलंय त्याचा अर्थ सांगू शकते.

इरोजन हा शब्द ऐकायला भयंकर आहे. पिशवीच्या तोंडाच्या आतलं अस्तर लालसर, नाजूक असतं, ते थोडं बाहेर आलं की जखमेसारखं दिसतं. बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांमध्ये ते असतं. तो कॅन्सर नाही आणि कॅन्सरची पहिली पायरीही नाही. 'बल्की' म्हणजे पिशवी जरा मोठी. तीन बाळंतपणांनंतर ती लग्नाआधीच्या मापाची कशी राहील? आणि वासाचं, खाजेचं पांढरं पाणी बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं. तो गोळ्यांनी बरा होतो, पण संसर्ग कुठला आहे त्यावरून कधीकधी नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. तेवढ्यासाठीच तरी दादांना सोबत न्या.

आता गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल. तो सुजेमुळे होत नाही. जवळजवळ सगळ्या केसेसच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी बदलू लागतात. तिथून कॅन्सर व्हायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. एवढा वेळ देणारे कॅन्सर फार थोडे. त्या वेळात कधीही तपासलं तर बिघडलेला तेवढाच तुकडा काढून काम भागतं.

तरीही आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, ही तपासणी कधी केलीय का. हो म्हणणाऱ्या शंभरात दोनही नव्हत्या.

आणि हे दादांना नीट वाचून दाखवा. कॅन्सर नसेल तर पिशवी फुकट जाईल. पण समजा खरंच असेल, तरी हे ऑपरेशन चुकीचंच आहे. खऱ्या कॅन्सरला आधी बायोप्सी, मग तो कुठवर पसरलाय ते बघणं, आणि त्यानुसार आजूबाजूच्या भागासकट मोठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. साधी पिशवी काढून ठेवली की पुढच्या डॉक्टरची वाट आणखी अवघड होते. म्हणजे गुरुवारी ऑपरेशन करून घेण्यात कुठल्याच बाजूने फायदा नाही.

बीजाशयंही काढणार आहेत का, हे विचारलंत का? बरेचदा त्याच वेळी तीही काढतात आणि सांगत नाहीत. ती काढली की ३८ व्या वर्षीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होत जातात. जाऊबाईंना त्याच हाडांवर मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढायची आहे.

मात्र पांढरं पाणी अंगावर काढू नका. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा डाग दिसणं, यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा.

चिंचेचं_बन

बीडचं आहे म्हणून सांगतो. २०१९ मध्ये याच प्रकरणावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खाजगी दवाखान्याने आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असं ठरलं होतं. ती घेतलीत का, एवढंच दवाखान्यात विचारा. कधीकधी नुसत्या प्रश्नानेही तारीख पुढे जाते.

भगवंताची_बार्शी

आमच्या भागात हा विषय जुना आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची मंडळी यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव तपासण्या घेतल्या. १ लाख ३१ हजार बायका. काहींची पॅप, काहींची व्हिनेगर लावून, काहींची एचपीव्हीची. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ साली छापून आलं आणि जगभर गाजलं. तुलनेसाठी ज्या गावांतल्या बायकांची तपासणी केलीच नाही त्यांचं काय, यावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण सांगायचा मुद्दा असा की धाराशिवच्या खेड्यातल्या बायकांनी जगाला जे शिकवलं, ते शेजारच्या केजात अजून पोचलेलं नाही.

सांजवेळ

मला ४१ व्या वर्षी सीआयएन ३ निघालं होतं. म्हणजे कॅन्सरच्या अलीकडचा टप्पा. काहीच त्रास नव्हता, ऑफिसच्या आरोग्य तपासणीत पॅप होती म्हणून कळलं. मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघणं, त्यात बारीक तुकडा घेतला, आणि पंधरा दिवसांनी लीप. जागेवरच बधिर करतात. तारेचं बारकं वेटोळं असतं, त्यात वीज सोडून तेवढा भाग कापून काढतात. जळका वास आला, इस्त्रीखाली केस सापडल्यासारखा. वीस मिनिटांत झालं, संध्याकाळी घरी येऊन मी खिचडी लावली. तीन आठवडे तपकिरी पाणी जात होतं. त्याला आता सहा वर्षं झाली. पिशवी जागेवर आहे.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. तारीख पुढे ढकललीय. मी सांगून ऐकलं नव्हतं, पण डॉक्टरताईंचा 'असेल तरी चुकीचंच' हा भाग मिस्टरांनी फोनवर वाचून दाखवला, तेव्हा दादा गप्प झाले.

एक विचारायला अवघड वाटतंय. विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हणालात. उद्या जाऊबाईंना तो निघाला तर घरात कोणावर तरी बोट जाणार. आणि दुसरं, पुतणी १३ वर्षांची आहे. या विषाणूची लस द्यावी का?

दुपारची_ओपीडी

बोट कोणावरही दाखवू नका. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा विषाणू होऊन जातो, लक्षणं नसतात. आज सापडलेला विषाणू वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून कोणाचं चारित्र्य ठरत नाही. सर्दी कोणाकडून लागली हे आपण शोधत बसतो का?

पुतणीला लस जरूर द्या. ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं, दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालतो असं सांगितलंय, पण दोन जमत असतील तर दोन द्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा दोन डोसच्या कुपीची किंमत २००० रुपये होती. सरकारी मोहिमेतून मिळते का ते आधी आशाताईंना विचारा, मग पैसे खर्च करा. हा कॅन्सर करणाऱ्या प्रकारांपैकी १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार आहेत, आणि ते दोन्ही या लसीत आहेत. उरलेल्यांसाठी तिशीनंतर तपासणी लागतेच, लस घेतली म्हणून ती चुकत नाही.

घाटावरचा_वारा

लसीबद्दल सावध राहा. आंध्र-गुजरातमध्ये मुली दगावल्या होत्या, ते दाबून टाकलं.

दुपारची_ओपीडी

दाबलं असतं तर तुमच्या फॉरवर्डपर्यंत आलं नसतं. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात सात मुली वारल्या आणि एप्रिल २०१० मध्ये लस देण्याचा कार्यक्रम थांबवला गेला. चौकशीत एक विहिरीत की खाणीत बुडालेली, एक सर्पदंशाची, काही विष घेतलेल्या, असं निघालं. लसीशी संबंध दिसला नाही. घोळ झाला तो संमतीचा. वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर चांगलेच कोरडे ओढले, आणि ते योग्यच होतं. त्यातून शिकायचं ते एवढंच की पुतणीच्या आईला आधी नीट समजावून सांगा, मगच सुई.

रानजाई

बारा दिवसांनी येतेय.

सरकारी दवाखान्यात नेलं, मीही रजा टाकून गेले. जाऊबाई म्हणाल्या तू आत चल, नाहीतर मी पळून येईन. बदकाच्या चोचीसारखं असतं ते घातलं, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं. तिथल्या बाई घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबल्या. बिघडलेल्या पेशी असतील तर तेवढी जागा पांढरी होते म्हणे. त्या मिनिटात जाऊबाईंनी माझा हात इतका आवळला की बांगडी वाढली. पांढरं काही उमटलं नाही. मग बारक्या ब्रशने पेशी घेऊन पॅपही केली. तिचा रिपोर्ट काल आला: सूज आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. संसर्गाच्या गोळ्या दोघांनाही दिल्या. दादांनी कुरकूर न करता घेतल्या, याचंच आत्याबाईंना जास्त नवल. हिमोग्लोबिन ८ निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या.

बाहेर आल्यावर जाऊबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, 'एवढ्यापायी वर्षभर झुरत व्हते व्हय मी.'

पुतणीला पहिला डोस दिलाय. दुसरा सहा महिन्यांनी, म्हणजे आईबाप पाडव्याला ऊस संपवून परततील तेव्हा.

आता नवीनच झालंय. टोळीतल्या आणखी सात बायका मागे लागल्यात, आमचंही बघा म्हणून. दोघी तिशीच्या आतल्या आहेत, एकीची पिशवी आधीच काढलेली. ट्रक पुढच्या सोमवारी निघतो. पॅपचा रिपोर्ट यायच्या आत या कर्नाटकात पोचलेल्या असतील.

दुपारची_ओपीडी

म्हणूनच व्हिनेगरची तपासणी. उत्तर जागेवर मिळतं, रिपोर्टसाठी थांबायला नको. तिशीपासून पुढच्यांना दर पाच वर्षांनी ती करायची असा सरकारचाच कार्यक्रम आहे, पैसे लागत नाहीत. आशाताईंना गाठा, आरोग्य केंद्रात ही तपासणी शिकलेली नर्स कोणत्या दिवशी असते ते विचारा आणि शनिवारच्या आत सगळ्यांना एकत्र घेऊन जा. पाळी चालू असेल तिला मात्र परत आल्यावर. तिशीच्या आतल्या दोघींना त्रास नसेल तर तपासणीची घाई नाही, त्रास असेल तर नुसतं दाखवून घ्या. पिशवी काढलेल्या बाईचे जुने कागद असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. का काढली, तोंड ठेवलंय की तेही काढलंय, हे त्यावरून कळेल. ठेवलेलं असेल तर तिचीही तपासणी लागेल.

रानजाई

कागद नाहीत. तिला विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांनी फक्त बिल दिलं होतं.