हलाखा, हलाल आणि आपलं ‘चालतं’

‘हलाखा’ (ज्यू धर्माचे आचारनियम) आणि ‘हलाल’ एकाच धातूतले का, तर नाही. देवनागरीत दोन्हीकडे ‘ह’ दिसतो म्हणून फसायला होतं. मुळात अक्षरं वेगळी आहेत. हलाल हा अरबी शब्द, त्यातला ‘ह’ घशातून येतो. हलाखा हा हिब्रू, त्याचा धातू ह-ल-ख, म्हणजे चालणे. काही अभ्यासक मात्र तो बायबलमधल्या एज्राच्या ग्रंथात आलेल्या ‘हलाख’ या कराच्या नावाशी जोडतात. मला चालण्याचीच व्युत्पत्ती पटते, कारण आपणही ‘उपासाला साबुदाणा चालतो’ म्हणतोच की!

ज्यूंना चालणाऱ्या खाण्याला कोशेर म्हणतात; शब्दाचा अर्थ नुसता ‘योग्य’. तोरात (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात) खाण्याच्या नियमांत हा शब्द येतच नाही. उलट ‘त्रेफा’ म्हणजे श्वापदानं फाडलेलं जनावर (तोरातलं ‘निर्गम’ पुस्तक, अध्याय 22). पुढे न चालणाऱ्या कुठल्याही खाण्याला ‘त्रेफ’ म्हणू लागले.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची (आपले शनवार तेली) एक कथा सांगतात. डेव्हिड राहाबी या ज्यू गृहस्थांनी या समाजातल्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले नसलेली, म्हणजे हलाखात न चालणारी, मासळी आपसूक बाजूला काढली. हिब्रू विसरले होते, हलाखा नव्हे.