मदत हवी आहे: एप्रिलमध्ये पाणी असलेला धबधबा (सोलापूरहून, दोघं, पाठीवर सॅक)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी होळी झाल्यावर मी आणि पोरगा एसटीनं साताऱ्याला आणि तिथून ठोसेघरला गेलो. एका लॉजवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, "पाणी हाय की, या तुम्ही." जाऊन बघतो तर कड्यावर वरपासून खालपर्यंत नुसता काळा ओघळ. पोरगा कठड्याला रेलून दहा मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "पप्पा, यापेक्षा नळदुर्ग बरं."

लॉजवाल्याला काय बोलायचं, अक्कल माझीच कमी. धबधबा म्हटलं की आम्हाला नळदुर्गचा नर-मादी माहीत, तोही पावसाळ्यात किल्ल्यातल्या बांधावरून बोरी नदी सांडली तरच. सह्याद्रीचं गणित तेच. पाऊस थांबला की दोन-तीन महिन्यांत कडे कोरडे.

तर यंदा हिमाचल. तिथं वसंतात बर्फ वितळतं आणि पाऊस नसतानाही पाणी पडतं, एवढं वाचलंय. अडचण रजेची. मी शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्यामुळं एप्रिलअखेरपासून रजेचं नाव काढलं तर मालक कात्री माझ्यावरच चालवतील. पोराची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. म्हणजे आमच्या हातात ८ ते २० एप्रिल.

बेत असा आहे: कर्नाटक एक्स्प्रेसनं सोलापूर ते नवी दिल्ली, रात्रीच्या बसनं कुल्लूजवळचं भुंतर, पुढं कसोल, बरशैणी आणि तिथून चालत खीरगंगा, म्हणजे डोंगरावरचं गरम पाण्याचं कुंड. नकथान गावाच्या वाटेवर रुद्रनाग धबधबा लागतो म्हणे, मुख्य ओढ त्याचीच. परतताना मनालीजवळ वशिष्ठला उतरून जोगिनी धबधबा.

आता विचारायचं ते. एप्रिलच्या मध्यावर रुद्रनागला खरंच पाणी असतं की तिथंही काळा ओघळच बघायचा? खीरगंगेला सध्या स्वतःचा तंबू लावू देतात का? आणि खाण्याचं. आमच्याकडं कडक भाकरी महिनाभर टिकते, सोबत शेंगा चटणी असली की चूल पेटवायची गरज नाही. पण सॅकमध्ये भाकरीचा चुरा होतो. स्टीलचा डबा घेतला तर डब्याचंच वजन जास्त. कुणी काही युक्ती केलीय का? पांघरायला दोन सोलापुरी चादरी पुरतील असं धरून चाललोय.

रेनकोटच्या कापडाचं सॅकचं कव्हर मात्र मी स्वतः शिवलंय. बादलीभर पाणी ओतून बघितलं. कापड कोरडं, पण शिलाईच्या प्रत्येक टाक्यातून थेंब आत. पंचवीस वर्षं कापड कापतोय, पण सुईचं भोक पाणी पितं हे त्या दिवशी कळलं.

प्रतिसाद १
रुद्रनाग आटत नाही, निवांत जा. एप्रिलमध्ये खालच्या उतारांवरचं बर्फ वितळायला लागलेलं असतं, पाणी मे-जूनमध्ये आणखी वाढतं. जोगिनीलाही पाणी मिळेल. खीरगंगा तीन हजार मीटरच्या आसपास आहे, सावलीतल्या वाटेवर त्या दिवसांत बर्फाचे पट्टे सापडू शकतात, सकाळी ते घट्ट आणि निसरडे असतात. तळाला खाच असलेले बूट हवेत, कॅनव्हासचे नकोत. एक सांगतो, वाटेत ओढा ओलांडायचा असेल तर सकाळीच उरका. दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळतं, दुपारनंतर ओढा फुगतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच असेल असं धरू नका. तंबूचं विचाराल तर नियम बदलत असतात, बरशैणीत पोचल्यावर विचारा आणि मगच वर चढा.

प्रतिसाद २
सोलापूर साडेचारशे मीटरवर, कसोल दीड हजाराच्या पुढं. एक रात्र कसोलला काढा, दुसऱ्या दिवशी चढा. पोरगा पळेल, तुम्ही पळू नका. आणि चादर घरी ठेवा हो! सुती चादर भिजली की दुप्पट जड होते आणि वाळत नाही. रात्री पारा शून्याजवळ जातो. दिल्लीत किंवा कसोलला स्लीपिंग बॅग भाड्यानं मिळते, तीच घ्या.

प्रतिसाद ३
भाकरीची युक्ती: सगळ्यांची एकच चळत करायची, वरखाली पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, जुन्या धोतरात घट्ट बांधायची आणि सॅकमध्ये पाठीच्या बाजूला उभी ठेवायची. माझी आई पंढरीच्या वारीत असंच नेते. चुरा झालाच तर गरम पाण्यात चटणी घालून कुस्करा, थंडीत झकास लागतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याच्या चकत्या तर मी टेबलावर दोन मिनिटांत कापतो, ते काम आपलंच. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी पोराला मोबाइल घेऊन बसवणार. स्लीपिंग बॅग भाड्यानं घेऊ, पण एक चादर येणारच, गाडीत बर्थवर पांघरायला तरी. सोलापूरचा माणूस दिल्लीच्या गाडीत दुसऱ्याची चादर घेऊन झोपला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

आता एकच राहिलं. शिलाई आतून बंद करायला इस्त्रीनं चिकटणारी पट्टी मिळते म्हणतात. ती रेनकोटच्या कापडावर कुणी लावलीय का? इस्त्री किती गरम ठेवली? माझ्याकडं कापड एकच मीटर उरलंय, जाळलं तर पुन्हा शिवायला लागेल.