जुन्या गॅरेजच्या जागेत डिझेल मुरलंय, पेरॉक्साइड सोडून माती साफ होते का?

सिन्नरचा_पिंट्या
नमस्कार मंडळी, सिन्नरच्या अलीकडे आमची थोडी जागा आहे, वडिलांनी घेतली तेव्हा तिथे ट्रकचं गॅरेज होतं. गॅरेजवाला गेला पण जमिनीत पुरलेली डिझेलची गळकी टाकी तशीच ठेवून गेला. आता टाकी काढली तर खाली साधारण 5 मीटर बाय 4 मीटरचा पट्टा, चार फूट खोल, नुसता डिझेलचा वास. वर काळी माती, खाली मुरूम, विहीर 60 फुटांवर, तिच्या पाण्याला अजून वास नाही. एक कन्सल्टंट म्हणाला की भोकं पाडून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडू, 15 दिवसांत विषय संपला. दुसऱ्याने सांगितलं परमँगनेट वापरा. ते म्हणजे आपण विहिरीत टाकतो ते लाल औषधच ना? मग मीच आणून टाकलं तर? पुढे तिथे भाजीपाला करायचाय.

सातपूरचा_केमिस्ट
पिंट्या भाऊ, थांबा जरा, स्वतः काही टाकू नका. लाल औषध तेच, पण विहिरीत जंतू मारायला चिमूटभर लागतं आणि इथे हिशोबच वेगळा. आणि मुख्य म्हणजे परमँगनेट ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या सॉल्व्हंटवर भारी चालतं (धातूच्या पार्टचं ग्रीस काढायला वापरतात ते), डिझेलवर नाही. डिझेलमधल्या सरळ साखळीच्या अल्केनला (डिझेलचा मोठा भाग तोच) ते फारसं हात लावत नाही, बेंझीनलाही नाही.

पेरॉक्साइड लोखंडासोबत वापरलं तर डिझेल तोडतं, त्याला फेंटन म्हणतात, पण ते नीट चालायला आम्लपणा लागतो, पीएच 3 च्या आसपास. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, ती आम्लही खाऊन टाकते आणि तयार झालेले रॅडिकलही (डिझेल तोडणारे क्षणभर टिकणारे कण). वर पेरॉक्साइड फुटताना उष्णता आणि ऑक्सिजन, खाली डिझेलची वाफ, आगीशी खेळ आहे हा. कन्सल्टंटला विचारा पर्सल्फेट का नाही, तेही असंच डिझेल तोडणारं रसायन, अल्कलीने चालू करतात, डिझेलला बरं आणि जमिनीत टिकतंही जास्त. पण नंतर सल्फेट मागे राहतं आणि जवळ विहीर, तेही बघावं लागेल.

खरी अडचण मात्र काळी माती स्वतः. चिकणमाती, ओली झाली की फुगून भेगा मिटतात, मग भोकात सोडलेलं पाणी मातीत न शिरता वाट सापडेल तिकडे पळतं. आणि मातीतला सेंद्रिय भाग, कमी ऑक्सिडाइज झालेली खनिजं, ही पण ऑक्सिडंट (म्हणजे पेरॉक्साइड, परमँगनेट, पर्सल्फेट ही रसायनं) खातात. डिझेलच्या वाट्याला उरलं तर उरलं.

नांदूरचा_शेतकरी
एवढ्या केमिकलची गरजच काय? चार फुटच आहे, जेसीबी लावा, काढा, प्लास्टिकवर पसरा, शेणखत थोडा युरिया ओलावा, रोटाव्हेटर फिरवत राहा. जंतूच खातात डिझेल. वर्षभर लागेल पण खिसा नाही फाटणार.

सातपूरचा_केमिस्ट
हे बरोबर बोलले, चार फुटासाठी मीही आधी हेच म्हणेन, फक्त जुनं इंजिन ऑइल असेल तर जंतूंना खूप वेळ लागतो. आणि पसरण्याआधी प्रदूषण मंडळात विचारा, अशी माती घातक कचऱ्यात गणली जाऊ शकते, 2016 चे नियम आहेत. नाल्यात फेकून मोकळं व्हायचं नाही.

अंबड_वाली_ताई
अजून एक. शेजारी कधी क्रोम प्लेटिंगचं वर्कशॉप होतं का ते विचारून घ्या. ऑक्सिडंटने शांत पडून असलेलं तीन संयुजेचं क्रोमियम सहावर जातं, म्हणजे पाण्यात विरघळणारं, विषारी. डिझेल काढायच्या नादात विहिरीत क्रोम गेलं तर आगीतून फुफाट्यात. काहीही करायच्या आधी लॅबमध्ये टीपीएच (मातीतलं एकूण पेट्रोलियम तेल) आणि क्रोम दोन्ही करा, नंतरही दोन-चार महिन्यांनी परत तपासा, कारण चिकणमातीत अडकलेलं डिझेल हळूहळू परत झिरपतं, पहिल्या रिपोर्टवर कन्सल्टंट पैसे घेऊन जातो.

सातपूरचा_केमिस्ट
मातीची भूक बघायची असेल तर बरण्या घ्या. जागेच्या कोपऱ्यातली स्वच्छ कोरडी माती 100-100 ग्रॅम, अर्धा लिटर पाणी, एकीत 0.2 ग्रॅम परमँगनेट, दुसरीत 0.5, तिसरीत 1. हातमोजे घाला. 48 तास बघा गुलाबी रंग कुठे जातो, गेला म्हणजे तेवढं औषध मातीने खाल्लं.

सिन्नरचा_पिंट्या
केलं! डिझेलचा थेंब नसलेली माती घेतली होती बरं का. पहिल्या दोन दुसऱ्या दिवशी सकाळीच तपकिरी, तिसरी अजून गुलाबी आहे.

सातपूरचा_केमिस्ट
मग किलोला 5 ते 10 ग्रॅम माती स्वतःच गिळते. तुमचा खड्डा 24 घनमीटर, घनमीटरला दीड टन धरलं तरी 36 टन, म्हणजे 180 ते 360 किलो औषध नुसतं मातीच्या पोटात. पेरॉक्साइडचा हिशोब वेगळा, पण कन्सल्टंटला विचारा त्याने या मातीवर अशी कुठली चाचणी केलीय.

सिन्नरचा_पिंट्या
विचारलं. म्हणाला, अनुभवावर सांगतो. आता जेसीबीवाल्याला फोन करतो, आधी मंडळात जाऊन येतो. एक राहिलंच, बरण्या आईच्या लोणच्याच्या होत्या, तिला अजून सांगितलं नाहीये.

अंबड_वाली_ताई
सांगा आणि नवीन घेऊन द्या. लोणचं परत त्यात नको.